चार लघुपटांचा एक सिनेमा करताना: दुव्याच्या आधी क्रम बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही तिघा मित्रांनी मिळून हिंदीत चार लघुपट केलेत. ‘ताला’, 34 मिनिटं: निवृत्त कारकून वडिलांचं बंद घर विकायला ग्वाल्हेरला येतो, व्यवहार पुरा होतो, आणि निघताना सवयीने स्वतःच कुलूप लावून किल्ली खिशात टाकतो. ‘पार्सल’, 22 मिनिटं: डिलिव्हरी करणारा पोरगा रात्रभर एक पत्ता शोधतो आणि शेवटच्या मिनिटात कळतं की पार्सल त्याच्याच नावाचं आहे. ‘लिफ्ट’, 27 मिनिटं: ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोघं अडकतात, शेवटी उघड होतं की त्यातला एक सहा महिन्यांपूर्वीच गेलाय. ‘हल्दी’, 31 मिनिटं: लग्नाच्या आदल्या रात्री दोन बहिणींचं भांडण. एकूण 114 मिनिटं. एका वितरकाने सांगितलं की “सुटं सुटं चालत नाही, कुठेतरी जोडा”. म्हणून चारही गोष्टींतल्या माणसांना सोडणारा एक रिक्षावाला शूट करायचा तुमचा विचार आहे. तो जमला नाही तर चारही गोष्टी आलटून पालटून कापायच्या. यातलं काय करावं, आणि क्रम काय ठेवावा, असं तुम्ही विचारताय.

मी संकलक आहे. लघुपट, पूर्ण लांबीचे सिनेमे आणि असे अनेक गोष्टींचे सिनेमेही माझ्या टेबलावरून गेलेत. तुमचा कट मी पाहिलेला नाही, तुम्ही लिहिलं त्यावरून बोलतोय. ‘ताला’मधल्या नटाचं काम तुम्ही म्हणता तितकं चांगलं नसेल, तर खाली मी जो क्रम सांगणार आहे तो बदलेल. सिनेमा थिएटरला जाणार की ओटीटीला, यावरही बरंच अवलंबून आहे.

वितरकाला जाणवलेली अडचण खरी आहे, त्याने सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे. अशा सिनेमात प्रेक्षक कशाने दमतो ते बघा. साध्या सिनेमात पहिली दहा मिनिटं तो मेहनत करतो: हा कोण, ती याची बायको की बहीण, हे शहर कुठलं, हसायचं आहे की घाबरायचं. एकदा हे बसलं की तो सैल होतो आणि सिनेमा त्याला ओढून नेतो. तुमच्या सिनेमात ही मेहनत त्याला चार वेळा करायची आहे. शिवाय प्रत्येक गोष्ट संपते तेव्हा त्याच्या मनाने तो थोडासा उठलेला असतो, मोबाइल बघायची हीच वेळ. ‘सुटं सुटं वाटतं’ ही तक्रार बहुतेक वेळा या दमण्याची असते. पात्रांची एकमेकांशी ओळख नाही म्हणून कोणी कंटाळत नाही. रिक्षावाला आणला तर हे दमणं कमी होत नाही, उलट ओळख करून घ्यायला आणखी एक माणूस वाढतो. (आणि जोडायचं म्हटलं की रिक्षावाला, चहावाला आणि वॉचमन हेच तिघं सगळ्यांना का आठवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.)

दुवा कधी काम करतो? जेव्हा त्या दुव्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. ‘डरना मना है’ (2003) मध्ये गाडी बंद पडून जंगलात अडकलेले मित्र एकमेकांना भुताखेताच्या गोष्टी सांगतात. सहा गोष्टी आहेत, पण ऐकणाऱ्या मित्रांवरच संकट येतंय, एकेक जण कमी होतोय. त्यामुळे गोष्ट संपली तरी आपण सुटत नाही, कारण बाहेरची गोष्ट अजून चालूच असते. हृषिकेश मुखर्जींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, ‘मुसाफिर’ (1957), बघा. एकच घर, एकापाठोपाठ एक तीन बिऱ्हाडं. तिथं घर हाच विषय आहे. लग्न, जन्म आणि मरण त्याच भिंतींत होतात, म्हणून तिसरं कुटुंब राहायला येतं तेव्हा त्या रिकाम्या खोल्या आपल्या ओळखीच्या झालेल्या असतात. ओळख करून घ्यायची मेहनत खरोखर कमी झाली. ‘शिप ऑफ थिसिअस’ (2012) मध्ये तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या का एकत्र आहेत हे अगदी शेवटी अवयवदानातून कळतं. तो दुवा काढला तर सिनेमाच उरत नाही. दिबाकर बॅनर्जींच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ (2010) मध्ये पात्रं एकमेकांच्या गोष्टींतून जातात खरी, पण जोडणारी चीज कॅमेरा आहे: हातातला, दुकानातला, लपवलेला.

तुमच्या रिक्षावाल्याला याच कसोटीवर लावा. त्याला काढला तर चारपैकी एका तरी गोष्टीचा अर्थ बदलतो का? तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही. मग दोन दिवसांच्या शूटचे पैसे वाचवा, ते मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला, लागणार आहेत.

आलटून पालटून कापायचा विचारही सोडा असंच मी म्हणेन. ‘लाइफ इन अ... मेट्रो’ (2007) किंवा ‘लूडो’ (2020) असे सिनेमे कागदावरच तसे विणलेले असतात. एका गोष्टीतला प्रसंग अर्धा टाकून दुसरीकडे जायचं, तर तो अर्धा टाकण्याजोगा लिहिलेला असावा लागतो. लघुपट तसा लिहिलेला नसतो. तो एका दमात शेवटाकडे जातो. असे चार लघुपट कापून मिसळले की चौघांची कळीची वेळ साधारण एकाच सुमाराला येते, आणि बहिणींच्या भांडणातला ताण लिफ्टमधला ताण खाऊन टाकतो. शिवाय तुमच्याकडे तीन दिग्दर्शक, तीन कॅमेरामन आहेत. गोष्ट बदलताना लेन्स आणि रंग बदलले तर प्रेक्षक ते सहज स्वीकारतो. दर तीन मिनिटांनी बदलले तर त्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय.

आता क्रमाकडे येऊ, कारण खरं काम तिथं आहे. तुमचा क्रम आहे पार्सल, लिफ्ट, हल्दी, ताला. कारण दिलंय: छोट्यापासून मोठ्याकडे, आणि सगळ्यात चांगली गोष्ट शेवटी. ऐकायला ठीक वाटतं. पण पहिली गोष्ट फक्त पहिली नसते, पुढच्या तिन्ही कशा बघायच्या हे ती प्रेक्षकाला शिकवते. ‘पार्सल’ धक्क्यावर संपते. म्हणजे बाविसाव्या मिनिटाला प्रेक्षक शिकला की या सिनेमात शेवटी काहीतरी उलटतं. ‘लिफ्ट’ सुरू होताच तो उलटण्याची वाट बघणार, आणि दोन माणसं, बंद जागा, रात्र म्हटल्यावर यातला एक मेलेला आहे हे निम्म्या लोकांना दहाव्या मिनिटाला कळणार. मग तो बहिणींचं भांडणही तसंच बघणार: या खरंच बहिणी आहेत ना? लग्न खरंच आहे ना? तुमच्या संवादांकडे त्याचं लक्षच राहणार नाही. ‘ताला’पर्यंत पोचेल तोवर म्हाताऱ्याने कुलूप लावलं यात त्याला काहीच घडल्यासारखं वाटणार नाही, कारण तुम्हीच त्याची भूक बिघडवलीत.

म्हणून दोन धक्के शेजारी नकोत आणि धक्का पहिला नको. मी ‘हल्दी’ने सुरुवात करेन. दोन माणसं, एक घर, एक रात्र, भरपूर बोलणं, मधेमधे हसू. प्रेक्षकाला कळतं की हा माणसांचा सिनेमा आहे. मग ‘पार्सल’: शब्द कमी, रस्ते जास्त, वेग जास्त. बोलक्या गोष्टीनंतर अबोल गोष्ट नेहमी चांगली लागते. ‘लस्ट स्टोरीज’ (2018) चा क्रम आठवा. पहिली अनुराग कश्यपची, राधिका आपटे सरळ कॅमेऱ्याकडे बघून बडबडतेय, स्वतःलाच पटवतेय. तिच्या लगेच पाठीमागे झोया अख्तरची गोष्ट, भूमी पेडणेकरने केलेली मोलकरीण, जी जवळजवळ बोलतच नाही. फरशी पुसते, चहा ठेवते, ऐकते. पहिली गोष्ट इतकी बोलली नसती तर दुसरीतली शांतता इतकी जाणवली नसती. आणि शेवटी करण जोहरची विनोदी गोष्ट ठेवली, म्हणजे लोक हसत उठले. चार वेगळ्या दिग्दर्शकांच्या गोष्टी आहेत, एकही पात्र दुसऱ्या गोष्टीत येत नाही, तरी तो एक सिनेमा वाटतो याचं मोठं कारण हा क्रम आहे, असं मला वाटतं.

‘अजीब दास्तांस’ (2021) मध्ये नीरज घेवानची ‘गीली पुच्ची’ तिसरी आहे. लोकांनी सगळ्यात जास्त चर्चा तिची केली: कारखाना, कोंकणा सेन शर्माची भारती, जात, आणि ती शेवटी जे करते ते. अशी गोष्ट आली की तिच्यामागून येणाऱ्या गोष्टीचं कठीण होतं. तिथं ‘अनकही’ ठेवली, ज्यात शेफाली शाह आणि मानव कौल यांचं बरंचसं बोलणं खुणांच्या भाषेत चालतं. भारतीच्या गोष्टीशी ती स्पर्धाच करत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ती टिकते.

राहिल्या ‘लिफ्ट’ आणि ‘ताला’. ‘ताला’ शेवटीच हवी, हे तुमचं बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. ती चारांत चांगली आहे म्हणून ती शेवटी नको. तिच्यानंतर काहीच लावता येत नाही म्हणून ती शेवटी. मैफलीत भैरवी झाली की पुढे कोणी राग मांडत नाही, तसं. विकलेल्या घराला कुलूप लावून किल्ली घेऊन जाणारा माणूस दाखवल्यावर लगेच लिफ्टचं बटण आणि ऑफिसची ट्यूबलाइट दाखवलीत, तर म्हातारा दोन मिनिटांत पुसला जाईल.

म्हणजे क्रम झाला हल्दी, पार्सल, लिफ्ट, ताला. इथं तुम्ही म्हणाल, पार्सल आणि लिफ्ट पुन्हा शेजारी आल्या की! आल्या. थिएटरमध्ये त्यांच्यामध्ये इंटरव्हल पडेल, त्याने थोडं निभावतं. ओटीटीवर इंटरव्हल नसतो. म्हणून मी दुसरं काहीतरी सुचवतो, ते तुम्हाला आवडणार नाही: ‘लिफ्ट’चा धक्का काढून टाका.

तुम्ही लिहिलेला शेवट असा आहे. दार उघडतं, एकटाच बाहेर येतो, वॉचमन विचारतो “अकेले थे साहब?”, मग लॉबीतल्या भिंतीवर हार घातलेला दुसऱ्याचा फोटो दिसतो, मग मागच्या सगळ्या प्रसंगांचे तुकडे पुन्हा दाखवून कोण कधी दिसत नव्हतं ते समजावलंय. हे शेवटचं दीड-दोन मिनिट कापा. वॉचमनच्या प्रश्नावर थांबा, किंवा त्याच्याही आधी, दार उघडतं आणि तो बाहेर पडायच्या आधी एकदा मागे वळून बघतो तिथं. ज्याला कळायचं त्याला कळेल, ज्याला नाही कळलं त्याच्यासाठी ती दोन अडकलेल्या माणसांची गोष्ट राहील, आणि तुम्ही सांगितलेल्या संवादांवरून तशीही ती चांगली गोष्ट आहे. स्वतंत्र लघुपट म्हणून तो फोटो चालेलही. पण ‘पार्सल’नंतर दुसरा धक्का नेहमी अर्ध्या किमतीत जातो. ‘लिफ्ट’ लघुपट म्हणून वेगळी पाठवायची असेल तर जुना शेवट जपून ठेवा, दोन कट असायला काहीच हरकत नाही. ही गोष्ट तुमच्या मित्राची आहे हे मला माहीत आहे. त्याला सांगताना फोटो वाईट आहे असं सांगू नका, कारण तो वाईट नाहीच. त्याची जागा या सिनेमात नाही इतकंच.

‘हल्दी’ पहिली ठेवायची तर ती 31 मिनिटांची चालणार नाही. पहिली गोष्ट लांबली की प्रेक्षक मनात गुणाकार करतो: अशा चार! तिला 26 पर्यंत आणा. कुठून कापायचं हे न बघता सांगणं धाडसाचं आहे, पण तुम्ही प्रसंगांची जी यादी दिलीत तिच्यात पाहुणे येण्याचे दोन प्रसंग आहेत आणि भांडण त्यांच्यानंतर सुरू होतं. लघुपट एकटा बघताना माणसाला स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून असे प्रसंग ठेवतात. इथं थोरली दार लावून घेते तिथपासून सुरू करून बघा. पाहुण्यांचा गलबला बंद दाराबाहेरून ऐकू येऊ द्या, लग्नाचं घर आहे हे तेवढ्याने कळतं.

आता सांधा, म्हणजे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते ती जागा. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि यावर कोणी वेळ घालवत नाही. ‘हल्दी’चा शेवट तुम्ही लिहिलाय: धाकटी मोरीत हात धुतेय, हळद जात नाही. इथून ‘पार्सल’वर कसं जाल? बहुतेक जण पुढच्या गोष्टीचा आवाज आधीच आणतात. पाण्याच्या आवाजावर बाइकची किक ऐकू येते, मग बाइक दिसते. एका सिनेमातल्या दोन प्रसंगांत हे छान लागतं. दोन गोष्टींच्या मध्ये नाही, कारण तुम्ही प्रेक्षकाला सांगताय की ती मुलगी झाली, आता इकडे बघ. त्यापेक्षा असं करा. हात चोळायचे थांबेपर्यंत शॉट धरा, नळ चालूच. मग सरळ काळं, हळूहळू अंधारत जाणारा फेड नको. काळ्यावर पाण्याचा आवाज एखादा सेकंद राहू द्या, मग तोही तोडा. त्यानंतर 48 फ्रेम, म्हणजे पूर्ण दोन सेकंद, काहीच नाही. खरोखर काहीच नाही, खोलीचा आवाजही नाही. थिएटरमध्ये दोन सेकंद पूर्ण शांतता फार मोठी असते, लोक श्वास घेतात, खुर्चीत हलतात. मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त ‘पार्सल’, तेही आवाजाशिवाय. मग चित्र आणि बाइक एकदम. तिन्ही सांध्यांना हाच हिशेब ठेवा, अक्षरंही तीच. दुसऱ्या सांध्यापर्यंत प्रेक्षकाला ही पद्धत कळलेली असते आणि ते काळं त्याला विश्रांती वाटू लागतं. तुमच्या सिनेमाला हवा असलेला दुवा हाच आहे, आणि त्याला शूट लागत नाही.

दिग्दर्शकाचं नाव गोष्टीच्या पाटीवर टाकू नका. टाकलंत की लोक गुण द्यायला लागतात: याची बरी, त्याची कच्ची. सगळी नावं शेवटी द्या. चार नामवंत दिग्दर्शक असतील तर गोष्ट निराळी, तिथं नावं हेच आकर्षण असतं. भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त 3 मे 2013 ला आलेल्या ‘बॉम्बे टॉकीज’ला लोक गेले ते चार नावांसाठी. (जाता जाता: त्यातली दिबाकर बॅनर्जींची ‘स्टार’ पुन्हा बघा. सत्यजित राय यांच्या बंगाली कथेवरून केलेली, पण नवाजुद्दीनचा पुरंदर आपल्या मुंबईतला मराठी माणूस आहे, घरात शहामृगासारखा दिसणारा इमू पाळलेला, आणि सदाशिव अमरापूरकर थोडा वेळ येऊन जातात. शेवटी तो दिवसभराची हकीकत मुलीला करून दाखवतो तेव्हा शब्द ऐकूच येत नाहीत. शेवट कसा करावा याचा मला माहीत असलेला हा फार चांगला नमुना आहे.)

गोष्टींच्या संख्येबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मित्राला पाचवी गोष्ट करायची हौस आहे असं दिसतंय. नका करू. ‘दस कहानियां’ (2007) मध्ये नावाप्रमाणे दहा गोष्टी आहेत, सहा दिग्दर्शक. आज त्याचं नाव काढलं तर बहुतेकांना शबाना आझमी आणि नसीरुद्दीन शाह यांची ‘राइस प्लेट’ आठवते, फार तर नाना पाटेकरांची ‘गुब्बारे’. दहा वेळा नव्याने सुरुवात करायला लावली की प्रेक्षक एखाद-दोन जपतो आणि बाकीच्या सोडून देतो.

आतापर्यंतचा हिशेब मांडतो: हल्दी 26, पार्सल 22, लिफ्ट 25, ताला 34, म्हणजे 107 मिनिटं. रिक्षावाला नाही, मिसळून कापणं नाही. थिएटरला इंटरव्हल ‘पार्सल’नंतर, धक्क्यावर लोक बाहेर पडले की पॉपकॉर्नच्या रांगेत त्याबद्दल बोलतात, आणि परत आल्यावर ‘लिफ्ट’ची दोनच माणसं त्यांना पटकन पकडता येतात. ओटीटीला हाच क्रम चालेल, फक्त तिथं ‘हल्दी’ची पहिली दोन मिनिटं फार कडक हवीत. थिएटरमधला माणूस तिकीट काढून बसलेला असतो, घरातला बोट रिमोटवर ठेवून.

तांत्रिक बाजू थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. तुम्ही लिहिलंय की ‘पार्सल’ सेकंदाला 25 फ्रेमने शूट झालीय आणि बाकीच्या 24 ने. 25 ची 24 वर आणली की ती सुमारे चार टक्के लांबते, 22 मिनिटांची 22 मिनिटं 55 सेकंद होते, आणि आवाज जरासा जाड होतो. जाडपणा दुरुस्त करता येतो, पण ते मिक्सच्या आधी ठरवायला हवं. ‘लिफ्ट’ स्कोप आहे, म्हणजे जास्त रुंद चौकटीची, बाकी फ्लॅट, म्हणजे कमी रुंद. सगळं एका मापात आणायला कुणीतरी ‘लिफ्ट’च्या बाजू कापायला सांगेल. नका कापू. त्या गोष्टीत दोघं फ्रेमच्या दोन टोकांना उभे आहेत आणि मधलं अंतर हीच गोष्ट आहे. फ्लॅटच्या चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून ती तशीच बसवा, गोष्ट बदलताना पट्ट्या आल्या तर कोणाला खटकत नाही. खटकतो तो आवाज. चार स्टुडिओंत झालेले चार मिक्स एकापाठोपाठ लावले की तिसऱ्या गोष्टीला कोणीतरी आवाज वाढवा म्हणतो. संवाद, संगीत आणि इफेक्ट्स वेगवेगळे काढून आजच मागवा आणि चारही गोष्टी एकाच खोलीत, एकाच माणसाकडून पुन्हा मिक्स करून घ्या. रिक्षावाल्याचे पैसे इथं.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र पूर्ण सिनेमाला एकच मिळतं. ‘हल्दी’तल्या शिव्यांमुळे ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, आलं तर आजोबांची ‘ताला’ही ‘ए’ झाली, आणि ‘ए’ सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. यू/ए मध्ये आता 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आहेत. तुमचं काम 16 मध्ये बसण्यासारखं वाटतं, त्या हिशेबाने शिव्या आधीच बघून घ्या.

एक शंका तुम्ही शेवटच्या ओळीत काढलीत, की एकत्र न करता ‘ताला’लाच वाढवून पूर्ण सिनेमा करावा का. होऊ शकतं, पण ती वेगळीच गोष्ट होईल. सचिन कुंडलकरांच्या ‘गंध’ (2009) या मराठी सिनेमात वासाच्या धाग्याने बांधलेल्या तीन गोष्टी आहेत. त्यातल्या पहिलीवरून त्यांनीच पुढे हिंदीत ‘अय्या’ (2012) केला. दोन्ही लागोपाठ बघा. मला स्वतःला छोटी गोष्ट जास्त आवडते. वाढवताना भरलेले प्रसंग कुठले ते संकलकाला लगेच दिसतं, तुम्हालाही दिसेल. उलट, एकेकटा लघुपट आणि एकत्र सिनेमा असे दोन्ही संसार करता येतात. रवी जाधवांच्या ‘मित्रा’ला लघुपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2015 साली ‘बायोस्कोप’ या चार कवितांवरच्या चार गोष्टींच्या सिनेमात तो आलाच. पण क्रम सांभाळा: महोत्सवांना लघुपट पाठवायचे असतील तर आधी पाठवा. एकत्र सिनेमा एकदा प्रदर्शित झाला की ‘प्रथम प्रदर्शन’ मागणाऱ्या महोत्सवांचं दार बंद होतं.

एकत्र सिनेमाची एक जोखीमही आधीच माहीत असू द्या: कुठली तरी गोष्ट गळू शकते. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (1961) मधली ‘मणिहारा’ परदेशातल्या पहिल्या प्रदर्शनात वगळली गेली आणि तिथं दोनच कन्या दिसल्या. रायसाहेबांचं हे झालं, तर एखादं प्लॅटफॉर्म तुमच्याकडून तीनच गोष्टी मागू शकतं. अशा वेळी कोणाची गोष्ट जाणार, कोण ठरवणार, पैशांची वाटणी बदलणार का, आणि शेवटचा कट कोणाच्या हातात, हे तिघांनी कागदावर लिहून सह्या करा. संकलन सुरू व्हायच्या आधी करा. ‘लिफ्ट’चा शेवट कापल्यावर सही मागायला गेलात तर तुमचा मित्र आधी ती दोन मिनिटं परत मागेल.